भिशी भरायची आणि कर्जही काढायचं, हे कुठलं गणित?

मागच्या अंकात मी रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थतज्ज्ञाबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला हा माणूस आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूरसारख्या गावांच्या आकडेवारीवरून गाजला, आणि त्याचं म्हणणं असं की गरीब गावं नकळत आपापसात एक प्रकारचा विमाच चालवत असतात, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागावलेली आहेत, ती आधी घेते.

प्रश्न : माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं. लहानपणी मी तिथे जे पाहिलंय त्यात कोणी कोणाला फुकट पायलीभर ज्वारी दिलेली आठवत नाही, उलट बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात. आणि हे साहेब म्हणतात गाव एकमेकांना सांभाळतं. नक्की कुठल्या गावात गेले होते ते?
(एक वाचक, सहकारनगर)

तुमच्याच तालुक्यातल्या. शिरापूर मोहोळ तालुक्यातच येतं. फक्त आकडे साहेबांनी गोळा केलेले नव्हते, ते इक्रिसॅटचे होते, हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांवर काम करणारी जी संस्था आहे ना, तिचे. १९७५ पासून इक्रिसॅटची माणसं काही गावांत चक्क राहायलाच गेली होती. प्रत्येक गावातली ४० घरं निवडली, १० भूमिहीन, १० लहान शेतकरी, १० मध्यम, १० मोठे, आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन विचारायचं, काय पेरलं, काय विकलं, कोण आजारी होतं, किती दिवस काम मिळालं, काय खाल्लं, कोणाकडून किती घेतले. जवळपास दहा वर्षं! आपल्याकडे जनगणनेवाला एकदा आला तरी लोक दार लोटून घेतात.

टाउनसेंडने त्यातली तीन गावं घेतली. शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं कांझरा आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरचं औरेपल्ली. त्याचा प्रश्न साधा होता. एखाद्या घरातला कर्ता माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला तर त्या घराची कमाई पडणार हे उघड आहे, पण त्या घराचं खाणंपिणं किती पडतं? कमाईइतकंच पडलं तर समजायचं की घर एकटं आहे. फारसं पडलं नाही तर मधे कुठेतरी कोणीतरी काहीतरी सावरतंय. १९९४ मध्ये 'इकॉनॉमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात त्याचा पेपर आला आणि उत्तर असं होतं की गावाची एकूण परिस्थिती बाजूला काढली, तर घराच्या स्वतःच्या कमाईतल्या चढउताराचा, आजारपणाचा, बेकारीचा खर्चावर फार परिणाम दिसत नाही. गावाचा खर्च वर गेला की घराचा वर, गावाचा खाली आला की घराचाही खाली.

आता तुमचं आजोळ. यात कुठेही असं नाही म्हटलेलं की लोक प्रेमाने ज्वारी वाटत होते. मधे काय काय झालं हे ती चाचणी बघतच नाही, ती फक्त ताटात शेवटी किती पडलं ते बघते. त्यामागे पेवात राखलेली ज्वारी असेल, मोठ्या शेतकऱ्याकडून घेतलेली उचल असेल, दुकानदाराची उधारी असेल, विकलेला बैल असेल (रोझेनझ्वाइग आणि वोलपिन यांनी १९९३ मध्ये याच गावांच्या आकड्यांवरून दाखवलं की वाईट वर्षात शेतकरी बैल विकतात, म्हंजे बैल हे औतही आणि बँकेतलं खातंही), किंवा रोजगार हमीवर फोडलेली खडी असेल. शिरापूरचे मजूर हमीच्या कामावर जायचे हे आकड्यांतच आहे. तेव्हा बांधावरून भांडणारा भाऊच वहिनीच्या बाळंतपणाला हातउसने देतो, हे आपल्याकडे काही अशक्य नाही, कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एसटीने जातात.

पण तुमचा राग अगदीच चुकीचा नाहीये. एक म्हणजे 'विमा अगदी पूर्ण आहे' हे गृहीतक त्याच्याच कसोटीत काटेकोरपणे टिकलं नाही, अंदाजाला बरं एवढंच ठरलं, हे त्याने स्वतः लिहिलंय. दुसरं, तीनपैकी एका गावात भूमिहीनांना शेजाऱ्यांइतकं संरक्षण नसल्याचं दिसलं. तिसरं, १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी त्याच नियतकालिकात लिहिलं की खर्च मोजायची ही पद्धतच अशी आहे की निकाल विम्याच्या बाजूला झुकतो. मला ही टीका पटते. तरीही टाउनसेंडचा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण त्याआधी गरिबीचा अभ्यास म्हणजे बहुतेकदा सरासरी उत्पन्न किती, गरिबीच्या रेषेखाली किती टक्के, एवढंच. आपल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये ते काम किती मोठं केलं ते पुणेकरांना सांगायला नको, पण महिन्याला दहा हजार येणं आणि कधी वीस, कधी शून्य येणं यात काय फरक आहे ते त्या रेषेत दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठी मेख अशी की हा विमा एकट्यादुकट्याच्या संकटाला चालतो. पाऊसच नाही झाला तर उचल देणाराच उचल शोधत फिरतो.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षं काम करणाऱ्या बाई महिना हजाराची भिशी भरतात आणि त्याच वेळी शेकडा पाचने पैसे काढतात. मी बँकेत ३४ वर्षं काढली. त्यांना कागदावर मांडून दाखवलं की भिशी थांबवा आणि आधी कर्ज फेडा. त्या नुसत्या हसल्या. हा शिक्षणाचा अभाव, दुसरं काय?
(निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड)

आधी एक विचारू का? नोकरीत असताना तुमचं गृहकर्ज चालू होतं आणि त्याच वेळी पीएफ कापला जात होता, एलआयसीचा हप्ता जात होता आणि बहुतेक एखादी एफडीही होती. होती ना? तेव्हा तुम्हाला कोणी कागदावर मांडून दाखवलं नाही.

आमच्याकडच्या मावशी जनता वसाहतीत राहतात. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी चहा पिताना मी त्यांना विचारलं की तुमचं महिन्याचं कसं बसतं हो सगळं, तर त्यांनी पिशवीतून सोनाराकडे फुकट मिळते तसली छोटी डायरी काढली. लिहायला-वाचायला बेताचं येतं, पण डायरीत खुणा पक्क्या. चार घरांची कामं. एका घरचा पगार १ तारखेला, दोन घरचे सातच्या आसपास, आणि चौथ्या घरचे लोक तीन महिने मुलाकडे अमेरिकेला गेले की तेवढे महिने काहीच नाही ('आम्ही नसताना काम कुठे होतं', हे त्यांचं म्हणणं). नवरा रंगकाम करतो, म्हणजे दिवाळीआधी रात्री अकरापर्यंत काम आणि जून ते सप्टेंबर घरी. भाडं १० तारखेला, भिशी १५ ला, शाळेचं सगळं जूनमध्ये, म्हणजे नेमकं रंगकाम बंद होतं तेव्हा. एकूण बेरीज केली तर वर्षाचं जमतं हो, पण खायला वर्षाने नाही, रोज लागतं.

त्यांची भिशी बारा जणींची, हजार-हजारची, दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि एकीला बारा हजार. हिशेबाने बघाल तर जिची चिठ्ठी पहिली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिची शेवटी तिने बिनव्याजी बचत केली, आणि बँकेच्या माणसाला वाटतं की शेवटची मूर्ख. पण चिठ्ठी नुसती चिठ्ठी नसते. कोणाकडे हॉस्पिटल निघालं तर भिशी चालवणाऱ्या बाईंना सांगून नंबर पुढे घेता येतो, बाकीच्या मान देतात. जुलैत मावशींच्या सासूला ॲडमिट करावं लागलं तेव्हा त्यांनी नंबर मागितला, पण त्याच आठवड्यात दुसरीच्या लेकीचं सिझेरियन होतं, तो नंबर तिकडे गेला. म्हणून दहा हजार शेकडा पाचने. महिन्याला पाचशे व्याज, तीन महिने, म्हणजे दीड हजार. फार आहे, मान्य. पण भिशी सोडली असती तर? मधेच सोडणारीला परत कोणी घेत नाही, आणि पुढच्या वेळी नंबर पुढे मागायची सोयच संपली. दीड हजारात त्यांनी ती जागा राखली. तुमच्या बाई हसल्या त्या बहुतेक यासाठीच.

हे काही फक्त पर्वती पायथ्याचं नाही. जोनाथन मॉर्डक हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेच्या वर गरीब घरांच्या पैशांच्या डायऱ्या ठेवल्या, वर्षभर, साधारण दर पंधरा दिवसांनी. २००९ मध्ये ते छापून आलं. एकही घर असं निघालं नाही की जिथे फक्त बचत आहे किंवा फक्त कर्ज आहे, प्रत्येकाकडे दोन्ही, एकाच वेळी. ज्याच्या हातात पैसा कमी त्याला तो जास्त वेळा इकडून तिकडे हलवावा लागतो.

आणि हातउसन्याचंही एक सांगते, हे वाचल्यापासून मी कितीदा लोकांना सांगितलंय. क्रिस्टोफर उड्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८८-८९ मध्ये उत्तर नायजेरियात झारिया शहराजवळच्या गावांत उधारीचा अभ्यास केला. तिथे बहुतेक कर्जाला ना ठरलेली तारीख, ना ठरलेलं व्याज, ना लेखी कागद. मग फेडतात किती? तर घेणाऱ्याचं पीक बुडालं असेल तर कमी फेडायचं, हे आपल्यालाही समजतं. पण देणाऱ्यावर संकट आलं असेल तर घेणारा जास्त परत करतो! म्हणजे कर्जातच विमा विणलेला, आणि दोन्ही बाजूंनी. हे जमतं कारण दोघं एकाच गावचे, एकमेकांच्या शेतात काय उगवलंय ते रस्त्यावरून दिसतं. बँकेला ते दिसत नाही, म्हणून बँक तारीख लिहून घेते.

याचा अर्थ शेकडा पाच बरोबर आहे असा नाही, सावकाराची वकिली मी करत नाहीये. १८७५ च्या मे महिन्यात आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते काही उगाच नाही. मला एवढंच म्हणायचंय की तुमच्या बाईंना खरंच मदत करायची असेल तर कागदावरचं गणित राहू द्या, पुढच्या वेळी हॉस्पिटल निघालं की दहा हजार उचल बिनव्याजी द्या आणि पगारातून सवडीने वळते करा.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रिस्क हाच मूळ प्रश्न असेल तर सरळ विमा काढायचा, पाऊस नाही पडला की पैसे मिळतील. शेतकरी असा विमा स्वतःहून का घेत नाहीत? कृपया मुद्देसूद उत्तर द्यावे.
(सदाशिव पेठ)

मुद्देसूद नाही देणार, गोष्ट ऐका, परीक्षेत मुद्दे तुम्ही पाडा.

तुमच्या खोलीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर गोखले इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये पीकविम्यावर लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगवेगळं मोजायला गेलात तर मोजणीचाच खर्च परवडणार नाही, आणि विमा आहे म्हणून निंदणी न करणाराही त्यात घुसेल. तेव्हा एका सारख्या पट्ट्याचं सरासरी उत्पादन मोजा, ते घसरलं की त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना भरपाई. १९७९ चे प्रयोग याच धर्तीवर झाले, १९८५ ची देशव्यापी योजना त्यावरच आली, आणि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही बहुतेक पिकांना क्षेत्राचंच उत्पादन धरतात. खरिपाला शेतकऱ्याने २ टक्के, रब्बीला दीड टक्का भरायचे, बाकीचं सरकार भरतं. महाराष्ट्राने तर २०२३ ला एका रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये तो गुंडाळला.

पण तुमचा प्रश्न स्वतःहून घेण्याचा आहे. २००३ मध्ये महबूबनगरला पावसाच्या आकड्यावर चालणारा विमा विकून पाहिला. ठरलेल्या केंद्रावर ठरल्यापेक्षा कमी पाऊस मोजला गेला की पैसे, पंचनामा वगैरे काही नाही. झेवियर जिने, टाउनसेंड आणि जेम्स विकरी यांनी कोण घेतं, कोण नाही ते तपासलं, २००८ मध्ये छापलं. पुस्तकाप्रमाणे जो रिस्कला जास्त घाबरतो त्याने आधी धावत यायला हवं, इथे उलटंच, जास्त घाबरणारा लांब राहिला! कारण त्याच्या डोळ्याला हा विमा हीच एक नवी रिस्क होती. पैसे आज द्यायचे, ओळख ना पाळख, आणि पर्जन्यमापक तिकडे लांब, त्याच्यावर पाऊस पडला आणि माझ्या वावरावर नाही पडला तर? श्रावणात कात्रजला धो-धो आणि स्वारगेटला ऊन, हे तुम्ही बघताच. याला अर्थशास्त्रात बेसिस रिस्क म्हणतात, हा शब्द लिहून ठेवा. नंतर २०१३ ला आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने शब्द टाकला की विक्री वाढते. किंमत हाही मोठा मुद्दा होताच, पण नुसती किंमत नाही.

विमा नसल्याची किंमत मात्र जबर आहे. बिन्सवांगर आणि रोझेनझ्वाइग यांनी १९९३ मध्ये इक्रिसॅटच्याच गावांवरून हिशेब मांडला की पावसाचा बेभरवसा एका ठराविक मापाने कमी झाला तर सगळ्यात गरीब चतुर्थांश शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढेल, सगळ्यात श्रीमंतांना काही फरक पडणार नाही. कारण गरीब माणूस बुडायच्या भीतीने सुरक्षित पण कमी पैशाचं पीक घेतो, श्रीमंताला एक वर्ष बुडालं तरी चालतं. घानातही २०१४ च्या अभ्यासात हेच दिसलं, भांडवल हातात दिल्यापेक्षा विमा दिल्यावर शेतकऱ्यांनी शेतीत जास्त घातलं. दांडेकरांचं चाळीस वर्षं आधीचं लिखाण वाचून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल.

प्रश्न : मायक्रोफायनान्स चांगलं की वाईट? आमच्या वस्तीत दर आठवड्याला हप्तेवाले येतात.
(हडपसर)

दोन्ही बाजूंचे लोक फार जोरात बोलतात. हैदराबादेत २००५ च्या सुमारास १०४ वस्त्यांपैकी निम्म्यांत आधी मायक्रोफायनान्स कंपनीच्या शाखा उघडल्या आणि बाकीच्यांत नाही, मग दोन्हींची तुलना केली. बॅनर्जी, दुफ्लो आणि मंडळींचा हा अभ्यास २०१५ ला आला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला, लोकांनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-पान-फरसाणवरचा खर्च जरा कमी केला. शिक्षण, आरोग्य, बायकांच्या हातातला निर्णय यांत काही दिसण्यासारखा फरक नाही. म्हणजे उद्धारही नाही आणि सरसकट सत्यानाशही नाही.

मला खटकतो तो आठवड्याचा हप्ता. मावशींच्या डायरीतली कमाई डोळ्यासमोर आणा आणि त्यावर दर मंगळवारी तोच आकडा ठेवा. कोलकात्यात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करून पाहिला, तर धंद्यात गुंतवणूक आणि नफा दोन्ही वाढलं, पण थकबाकीही वाढली. म्हणून कंपन्या बिचकतात. घ्यायचंच असेल तर तुमच्या कमाईचा वार आणि त्यांच्या हप्त्याचा वार जुळतो का ते आधी बघा, आणि एक फेडायला दुसरं घेऊ नका.

प्रश्न : माझी आजी ९१ वर्षांची आहे. तिने पाच लेकी पाच वेगवेगळ्या तालुक्यांत दिल्या, एक तर थेट कोल्हापूरकडे. सगळे तिला नावं ठेवायचे, जवळची स्थळं का सोडली म्हणून. हे तुमच्या अर्थशास्त्रात कुठे बसतं का? (गंमत म्हणून विचारतेय.)
(औंध)

गंमत कसली, तुमच्या आजीवर पेपर आहे! १९८९ मध्ये रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी, परत त्याच इक्रिसॅटच्या आकड्यांवरून, दाखवलं की ज्या घरांच्या सोयरिकी लांबच्या गावांत आहेत त्यांच्या खाण्यापिण्याचा चढउतार कमी असतो. कारण आपल्याकडे पाऊस नाही झाला तरी शंभर मैलांवर झालेला असू शकतो. वर मी म्हटलं ना, गावातल्या गावातला विमा गावाच्या दुष्काळाला चालत नाही, त्याला गावाबाहेरचा माणूस लागतो. आणि शेकडो वर्षांत आपल्याकडे गावाबाहेर हक्काचं माणूस मिळायचा एकच रस्ता होता, लेक देणे. केनियात हेच काम पुढे मोबाईलने केलं, एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा २००७ ला सुरू झाली, आणि जॅक आणि सुरी यांच्या अभ्यासात दिसलं की संकट आल्यावर ती न वापरणाऱ्या घरांचा खर्च ७ टक्क्यांनी पडला, वापरणाऱ्यांचा पडलाच नाही, कारण लांबच्या नातेवाइकांकडून पैसे चटकन येत होते. आता त्यासाठी लेकीला लांब धाडायला नको, हे बरंच झालं. त्या विम्याचा हप्ता शेवटी मुलीच भरत होत्या, दिवाळीला दोन दिवसांचं माहेर, तेही एसटी मिळाली तर, आणि हे पेपरमधल्या कुठल्याच कोष्टकात नाही.

आजीने हिशेब करून दिल्या असतील असं मला वाटत नाही, स्थळं आली तशी दिली असतील. पण एकदा विचारून बघा, ७२ च्या दुष्काळात सगळे रेशनची लाल मिलो खात होते तेव्हा कुठल्या मावशीकडून ज्वारीचं पोतं आलं होतं. कोल्हापूरकडून आलं असेल तर मला नक्की कळवा.